चार हजार फुटांच्या खाली

२ सप्टेंबर, दुपार

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकलो की हल्ली कंबर बोलते.

हॉटेलच्या खोलीतून लिहितोय. पडदे जाड, गादी मऊ, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. उद्या सकाळी परतीचं विमान न्यायचंय, तोवर विश्रांती घ्यायची असा नियम आहे. पडून राहवत नाही म्हणून तुला त्रास. फोनच करणार होतो, पण फोनवर तू पहिल्याच वाक्यात "काय झालं?" विचारतेस आणि मला "काही नाही" म्हणावं लागतं. कागदावर निदान पुढचं बोलता येतं.

तर परवा उतरताना माझ्याकडून एक चूक झाली. तुला विमानातलं ओ की ठो कळत नाही हे धरून सांगतो, रागावू नकोस. उतरताना खालचा कंट्रोलर आम्हाला पायरीपायरीने आणतो. सहा हजार फुटांवर या, थांबा. आता चार हजारांवर या, थांबा. त्याने पुढचं सांगेपर्यंत पायरी सोडून खाली जायचं नाही, कारण खाली दुसरं विमान असतं, नाहीतर डोंगर असतो. पुढची पायरी हजार फुटांवर उरली की शेजारी बसलेला को-पायलट मोठ्याने सांगतो, "हजार राहिले." मी म्हणायचं, "पाहिलं." चौतीस वर्षं मी "पाहिलं" म्हणत आलोय. झोपेतसुद्धा म्हणतो, हिला विचार.

परवा आम्हाला चार हजार दिले होते. बाहेर ढग, काचेपलीकडे नुसतं पांढरं. विमान मी हाताने चालवत होतो. हल्लीची पोरं सगळं यंत्रावर सोडतात, मी सोडत नाही, माझा पीळ तुला ठाऊक आहे. आणि एकदम कानात कंट्रोलर ओरडला, "ताबडतोब चढा, चार हजारांवर चढा." आकडा पाहिला तर तीन हजार चारशे. खाली अडीच हजार फुटांची टेकडी आहे. मी ओढलं, चढलो, पुढे नीट उतरलो. मागे एकशे अठ्ठावन्न माणसं होती. त्यांना एक हिसका बसला असेल, त्यापलीकडे काही कळलं नाही.

शेजारी चिमणी होती. हे नाव मीच ठेवलंय, आवाज बारीक म्हणून. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. तिला विचारलं, "हजार राहिले असं म्हणाली नाहीस?" ती म्हणाली, "म्हणाले, सर." मला ऐकू आलं नाही. ढगात हेलकावे बसत होते, लक्ष तिकडे गेलं असणार. रिपोर्टात तसंच लिहिलं. ऑफिसात बोलावलं, ऐकून घेतलं, सही घेतली, विषय संपला.

यंत्र ठणठणीत होतं, निघण्याआधी मी स्वतः सगळं तपासलं होतं. बाबा चालवत होते त्या बसचे ब्रेक अपघाताच्या दिवशी असे कोणी तपासले असते तर, हे आजही दर वेळी मनात येतं.

एक गोष्ट मात्र विचित्र. उतरल्यावर पाहिलं तर शर्टाचं दुसरं बटण तुटून माझ्या मुठीत. कधी तुटलं आठवत नाही. गेल्या खेपेला ते तूच लावून दिलं होतंस, तेव्हा दोष तुझ्या धाग्याचा.

काळजी करू नकोस. हे फक्त तुलाच लिहिलंय.

तुझा टिल्लू
(वय वर्षं सत्तावन्न)


७ सप्टेंबर

चि. टिल्ल्यास,

आशीर्वाद. कंबर बोलत असेल तर तिचं ऐकत जा. या वयात तोंडावर खरं बोलणारं दुसरं कोणी उरत नाही.

माझ्या धाग्याला नावं ठेवायची नाहीत. चाळीस वर्षं नर्सांचे गणवेश शिवतेय, पेशंट धरून ओढतात तरी बटण निघत नाही. ते तुटलं म्हणजे तू चांगलंच पिरगाळलं असणार. तुझं पत्र आलं तेव्हा मशीनवर एक बाही अर्धी होती. ती अजून अर्धीच आहे.

मला दोन गोष्टी सांग. एक, त्या वेळी तू ओठ चाटत होतास का? जेवण झाल्यावर चाटतो तसे, पण उगाचच. तुला नाही कळणार, चिमणीला विचार. दोन, असं आधी कधी झालंय का? समोरचा चहा गार झालेला कळला नाही, कोणी काही विचारलं आणि तुझं उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काही?

का विचारते ते विचारू नकोस. बाई म्हातारी झाली की तिला नसत्या चौकशा सुचतात. मी जमिनीवर बसून तुला विमान शिकवणार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखंच, पण एक ऐक. चार दिवस रजा टाक आणि डॉक्टरला दाखव. रक्तदाब बघतो तो नको, डोक्याचा बघतो तो. त्यात लाजायचं काही नाही. तुझ्या बायकोला आत्ताच सांगू नकोस वाटलं तर, पण जा.

आणि तोवर ते हाताने चालवणं पुरे. यंत्र आहे ना, त्याला करू दे.

तुझी ताई


१६ सप्टेंबर

ताई,

ओठांचं तुला कसं कळलं?

तुझं पत्र वाचून मी हसलो होतो. चिमणीलाही हसत हसतच विचारलं, "काय गं, मी ओठबीठ चाटत होतो का?" ती हसली नाही. काचेबाहेर पाहत म्हणाली, "हो, सर." मग कागदांत डोकं घातलं.

आणि परवा, चौदा तारखेला, पुन्हा झालं. या वेळी पाच हजार दिले होते. मला आठवतंय की मी सहा हजार सातशे हा आकडा पाहिला. त्यानंतर मला आठवतंय की चार हजार आठशे होते, ऑटोपायलट चालू होता, विमान आपलं आपण वर येत होतं आणि चिमणीचा हात त्या बटणावर होता. मी ते चालू केलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, दमलात तुम्ही." दोनशे फुटांसाठी खालून कोणी काही विचारत नाही, त्यामुळे रिपोर्ट नाही, काही नाही.

ताई, मधला वेळ माझ्याकडे नाहीच. डुलकी लागली तर जाग आल्याचं तरी कळतं. हे तसं नाही. तू कापडाचा मधला पट्टा कापून दोन्ही कडा जोडून टाकतेस ना, तसं. शिवण दिसत नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण तिथे भीती वाटायला मीच नव्हतो. भीती नंतर वाटली. उतरल्यावर स्वच्छतागृहात गेलो आणि दार लावलं. बाहेर आमची माणसं हात धूत होती, गप्पा मारत होती. मी नळ सोडून बसून राहिलो.

आता घरी जिना उतरताना पायऱ्या मोजतो. बारा आहेत. बारा मोजून झाल्या की बरं वाटतं. हिने कालवणात मीठ कमी आहे का विचारलं तरी आधी मनात तपासतो की तिने एकदाच विचारलं की दोनदा. अशी पाचावर धारण बसलीय माझी, आणि रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी एकशे साठ माणसांना हसून नमस्कार करतोय.

वार्षिक तपासणी वीस ऑक्टोबरला आहे. तिथे डोळे, कान, हृदय बघतात. हे तिथे दिसणार नाही. दिसणार नाही याचा मला आनंद झाला, हेही तुला सांगून टाकतो.

तुला काहीतरी माहीत आहे. लिही.

टिल्लू


२० सप्टेंबर

टिल्ल्या,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

बाबांच्या बसचे ब्रेक फेल झाले नव्हते.

तू नऊ वर्षांचा होतास, मी सोळाची. बाबा दोन वर्षांपासून असे मधेच हरवायचे. जेवताना घास हातात राहायचा, ओठ चाटायचे, शर्टाचं बटण पिरगाळत बसायचे. अर्धं मिनिट, कधी एक मिनिट. मग घास तोंडात जायचा जसं काही झालंच नाही. आई म्हणायची, "विचारात पडलेत." तुला तेच माहीत आहे, बाबा फार विचारी होते. लोक काही विचारायचे आणि बाबा तसे बसलेले असायचे, तेव्हा आई त्यांच्या जागी उत्तर द्यायची. इतकी पटकन द्यायची की विचारणाऱ्याला वाटायचं बाई फार आगाऊ आहे. तुलाही वाटायचं. एकदा तू तिला म्हणालास, "बाबांना बोलू दे की." ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

बसमध्ये कंडक्टरकाका सांभाळायचे. त्यांची नजर आरशातून बाबांवर असायची. बाबा हरवले की काका घंटीची दोरी जोरात दोनदा ओढायचे. बहुतेक वेळा तेवढ्याने पाय ब्रेकवर जायचा. का जायचा कोण जाणे, सवय असेल. त्या दिवशी गर्दी होती, काका मागच्या टोकाला तिकिटं फाडत होते. वळण आलं आणि बस वळलीच नाही, सरळ कालव्यात गेली. चार माणसं गेली. त्यातली एक तुझ्या वर्गातल्या त्या दोन वेण्यांच्या मुलीची आई.

चौकशीत काका म्हणाले, "ब्रेक लागत नाहीत असं ड्रायव्हर ओरडले, मी ऐकलं." नंतर आमच्या स्वयंपाकघरात येऊन ते आईला म्हणाले, "वहिनी, ओरडले नव्हते हो. ओठ चाटत होते." मी दाराआड उभी होते. आईने मला पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "झाकली मूठ."

मग तू मोठा झालास. यंत्राने बाबांचा घात केला, मी कधी यंत्र न तपासता चालवणार नाही, असं म्हणत तू विमानाच्या शाळेचा फॉर्म आणलास. त्यात एक प्रश्न होता, घरात कोणाला फिट, चक्कर, बेशुद्धी? तू बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारलंस. आई म्हणाली, "नाही रे." मग तू मला विचारलंस, "ताई, नाही ना?" मी चहा गाळत होते. मी मान हलवली. तुझ्या तोंडावरचा आनंद बघून हलवली असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे मी घाबरले होते. एकदा खोटं बोललेल्या घरात खरं बोलायची भीती वाटते.

मला वाटलं तू वाचलास. पन्नाशी उलटली तुझी, मी निश्चिंत झाले होते. तुझ्या पत्रातलं बटण वाचलं आणि ती बाही अर्धीच राहिली.

मला काय बोलायचं ते बोल. पण विमानाला हात लावू नकोस.

ताई


२३ सप्टेंबर

ताई,

पत्र पोचलं.

ती दोन वेण्यांची मुलगी पुढे वर्षभर माझ्या शेजारच्या बाकावर होती. मी तिला सांगायचो, ब्रेक फेल झाले, त्यात माझ्या बाबांची चूक नव्हती. ती म्हणायची, "माहितीये."

तुम्ही दोघींनी मला काय करून ठेवलंत याचा तुम्हाला अंदाज नाही.

आता माझं ऐक. बाबांचं ते बाबांचं. माझं तसंच असेल असं कोणी सांगितलं? मी दमलोय. ऑगस्टमध्ये बावीस दिवस उडवलं. झोप पुरी झाली की बरं होईल. मी हाताने चालवणं सोडलंय, तुझ्या समाधानासाठी. नऊ दिवसांत काही झालेलं नाही. शेजारी माणूस बसलेला असतो, तो काही शोभेला नसतो.

खुर्चीतून उतरलो तर मी कोण, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तरच पुढचं पत्र लिही. नाहीतर काही दिवस नको.


२७ सप्टेंबर

टिल्ल्या,

काही दिवस नको म्हणालास, चार थांबले. रागाव. तो तुझा हक्क आहे आणि तो राग मीच ओढवून घेतलाय. खुर्चीतून उतरल्यावर तू कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाबांकडेही नव्हतं. ते उरलेली अकरा वर्षं दाराकडे तोंड करून बसून राहिले. पण दाराबाहेर कोणी मेलं नाही.

"नऊ दिवसांत काही झालेलं नाही" असं लिहिलंस. टिल्ल्या, हे तुला कोणी सांगितलं? तूच ना? अरे, बाबांनाही वाटायचं की काही झालेलं नाही. आयुष्यभर त्यांना वाटायचं की महिन्यातून एखाद्या वेळी डोळ्यासमोर अंधारी येते. दिवसातून तीनदा व्हायचं. आम्ही मोजत होतो, ते नाही. ज्याचं होतं त्याला ते कधीच दिसत नाही. शेजारच्याला दिसतं. आणि शेजारच्याचा आपल्यावर जीव असला की तो झाकून घेतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, पण झाकणाऱ्याला तेव्हा एवढंच सुचतं.

तेव्हा माझं एकच काम कर. चिमणीला विचार, किती वेळा? "झालं का" असं विचारू नकोस, ती नाही म्हणेल, मीही म्हणाले असते. "माझ्या जागी तू किती वेळा उत्तर दिलंस" असं विचार.

मी तुमच्या कंपनीच्या डॉक्टरला पत्र लिहायला घेतलंय. तीन ओळी झाल्यात. पाच तारखेपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर पुढच्या लिहीन आणि टाकीन. तू जन्मात माझं तोंड पाहिलं नाहीस तरी टाकीन. आईने केलं तेच मी करत बसले होते, ते आता होणार नाही.

ताई


४ ऑक्टोबर

ताई,

तुझ्या तीन ओळी फाडून टाक, लागणार नाहीत. आधी हे सांगितलं, आता बाकीचं बसून लिहितो.

काल सकाळी दहाचं विमान होतं. शेजारी चिमणी. माणसं चढत होती, मागे सामानाच्या कप्प्यांत बॅगा कोंबल्याचे धक्के बसत होते, कोणाचं तरी तान्हं रडत होतं. आम्ही दोघं यादी वाचत होतो, ती आकडा म्हणणार, मी "पाहिलं" म्हणणार. तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरत होतो. विचारणार नव्हतो. तोंडातून निघून गेलं.

म्हटलं, "चिमणे, माझ्या जागी तू किती वेळा उत्तर दिलंस?"

तिने यादी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "माझ्याबरोबर चार, सर."

"तुझ्याबरोबर म्हणजे?"

"सगळ्यांचं धरून अकरा. फेब्रुवारीपासून."

अकरा, ताई. मला दोन माहीत होते. ती खाली बघत सांगत होती आणि मला माझ्याच कानांवर विश्वास बसत नव्हता. माझ्याबरोबर बसणाऱ्या सगळ्या को-पायलटांना माहीत आहे. त्यांची अळीमिळी गुपचिळी. नव्या पोराला माझ्याबरोबर टाकलं की यांच्यापैकी कोणीतरी ड्युटी बदलून घेतं आणि कारण सांगतं दाताचं, पाहुण्यांचं. उतरताना डावा हात ऑटोपायलटच्या बटणाजवळ ठेवायचा, हे त्यांनी आपसात ठरवलेलं. मी गप्प झालो की "पाहिलं" तेच म्हणतात, म्हणजे कॉकपिटमधलं बोलणं टेप होतं त्यावर आवाज राहतो. त्यातल्या सहाजणांना उतरायला मी शिकवलंय. मी त्यांचा हात धरून शिकवलं आणि ते माझा हात धरत होते, आणि मला वाटत होतं की मी अजून हाताने चालवतो.

मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

म्हणाली, "तुमची शेवटची तीन वर्षं राहिलीत, सर. मानाने जावं तुम्ही, असं सगळ्यांना वाटलं."

"आणि चार हजारच्या दिवशी?"

आमच्यात नियम आहे. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही तर शेजारच्याने विचारायचं नाही, विमान स्वतःच्या हातात घ्यायचं आणि तसं मोठ्याने म्हणायचं. हा नियम तिला मीच शिकवलाय. ती म्हणाली, "दुसऱ्या हाकेला तुम्ही बोलला नाहीत. एरवी सात-आठ सेकंदांत परत येता. मी मनात मोजत होते. त्या दिवशी आला नाहीत. हात पुढे केला आणि थांबले."

"किती थांबलीस?"

"वीस सेकंद."

"का?"

"तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल म्हणून."

मग ती रडायला लागली, त्या बारीक आवाजात, आणि म्हणाली, "सर, मला रोज टेकडी दिसते. घरी भाजी चिरताना दिसते. तुमच्याबरोबर ड्युटी लागली की मला ओकारी येते. तरी बदलून घेत नाही, कारण मग दुसरं कोणी बसेल आणि त्याला मोजता येणार नाही."

ताई, मला वाटत होतं भ्यायलोय तो मी. ती पोर आठ महिने माझ्या शेजारी बसून भीत होती आणि मी तिला सांगत होतो, आवाज जरा मोठा काढ.

मी कंपनीला रेडिओवर कळवलं की मी उडवण्याच्या स्थितीत नाही, दुसरा कॅप्टन पाठवा. कारण विचारलं. म्हटलं, "शुद्ध हरपते." हे दोन शब्द बोलायला मला किती वेळ लागला माहीत नाही. चिमणी म्हणते लगेच बोललात. आता तिच्यावरच विश्वास ठेवायला हवा. मग बॅग उचलली आणि निघालो.

माणसांना पुन्हा खाली उतरवून हॉलमध्ये बसवलं. मला ऑफिसात बोलावणं येईपर्यंत मीही तिथेच एका कोपऱ्यात बसलो. अंगावर गणवेश, त्यामुळे लपायची सोय नाही. एक गृहस्थ तरातरा आले. "तुम्हीच का कॅप्टन? दीड तास झाला. माझ्या आईचं दुपारी ऑपरेशन आहे. तुम्हा लोकांना आमच्या वेळेची काही किंमत आहे का नाही?" मी उभा राहिलो. म्हटलं, "उशीर माझ्यामुळे झालाय. माफ करा." ते म्हणाले, "माफीने काय होतं?" खरंच आहे. आजूबाजूच्या चार माणसांनी मान हलवली. मला त्यांचा राग आला नाही. ती माणसं तिथे उभी राहून चिडू शकत होती, तेवढं मला पुरे होतं.

बाराला विमान गेलं, नवा कॅप्टन आणि शेजारी चिमणीच. ती म्हणाली मी जाते. मी काचेतून बघत राहिलो. ताई, वर गेलेल्या विमानाची खालच्या माणसाला काय भीती वाटते हे मला या वयात कळलं. ढगात शिरेपर्यंत दिसत होतं, मग नाही. विमान पावणेदोन तासांचं. ऑफिसात प्रश्न विचारत होते, मी घड्याळ बघत होतो. तिचा मेसेज आला, "उतरलो, सर." तेव्हा कुठे मी पाणी प्यायलो.

मी सगळं लिहून दिलं. चार हजारचंही, पाच हजारचंही. पोरांची नावं लिहिली नाहीत. पण चिमणीने संध्याकाळी आपलं आपण जाऊन स्वतःचं लिहून दिलं. तिला काही दिवस जमिनीवर बसवतील. बाकीच्यांचंही बाहेर येईलच. त्यांच्यासाठी मला फार भीती वाटते आणि त्यांच्यासाठी मी काही करू शकत नाही.

आज सकाळी डॉक्टरकडे गेलो, डोक्याचा बघतो तोच. डोक्याला वायरी लावल्या. तुझ्या पत्रातलं बाबांचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, हे चौतीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, माझ्या बहिणीला हे कोणी सांगायची गरज नाही, तिला ठाऊक आहे. गोळ्या सुरू केल्यात. गाडी चालवायची नाही, शिडी चढायची नाही, अंघोळीला कडी लावायची नाही, रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही. ही शेजारी बसून सगळं लिहून घेत होती. लिहून झाल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "चहा गार होतो तुमचा, मला वाटायचं माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो." गेलं वर्षभर ती असं समजत होती.

रविवारी तुझ्याकडे येतोय. तुझ्यावरचा राग अजून आहे, तो समोर बसून काढावा म्हणतो, पत्रात नीट निघत नाही. ही मला इथे बसमध्ये बसवून देईल आणि कंडक्टरला सांगून ठेवील. तिथे तू उतरवून घे. साडेअकराची बस आहे.

स्टॉप तुझ्या घराच्या पलीकडच्या बाजूला आहे आणि तो रस्ता मोठा आहे. माझा हात धर. मधेच मी गप्प झालो, हात सोडवून घ्यायला लागलो, तर सोडू नकोस आणि मी ठीक आहे असं कोणाला सांगू नकोस. गाड्या थांबेपर्यंत मोठ्याने ओरड. लोक बघतील, बघू देत.

तुझा
टिल्लू